एक्केचाळीस नंबरची डबी

“हे तू माझ्याकडनं मागतीस?” अण्णांनी विचारलं.

सोप्यातल्या स्टुलावर मी डबी ठेवली होती. पांढरी, प्लॅस्टिकची, चटणीच्या डबीएवढी, झाकणाला आतून एक छोटा चमचा. अण्णांनी तिला हात लावला नाही. माझ्याकडेही बघितलं नाही. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

“अण्णा, वाटाण्याएवढं पुरतं,” मी म्हटलं. “चमच्यानं घ्यायचं, झाकण घट्ट लावायचं, पिशवीत घालायचं. सोमवारी सकाळी जाताना मी बर्फाच्या डब्यातनं घेऊन जाते.”

“लोकांच्या पोरी एम.एस्सी. झाल्या, बँकेत लागल्या.”

“मी पण लागलेय की नोकरीला.”

“कसल्या?”

आत आई चपात्या लाटत होती, ती हसली. मीही हसले. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि या चेष्टेची मला सवय झाली होती. मिरजेतल्या एका संशोधन केंद्रात मी प्रयोगशाळेत काम करायचे, आणि आमचा सगळा कारभार लोकांच्या शौचाच्या नमुन्यांवर चालायचा. नात्यातल्या बायका लग्नकार्यात भेटल्या की मला पंगतीत वाढायला पाठवू नका म्हणायच्या. चेष्टेतच, पण म्हणायच्या.

काम तसं साधं होतं. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर कधीकधी मसुराएवढे, वाटाण्याएवढे कोंब उगवतात. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक तसेच राहतात, काही वाढत जातात आणि पाच-दहा वर्षांनी त्याचा कॅन्सर होतो. लहान असताना सापडला तर दुर्बिणीतूनच खुडून काढता येतो, माणूस संध्याकाळी चालत घरी जातो. असे कोंब असलेल्यांच्या पोटातले जंतू आणि निरोगी माणसांच्या पोटातले जंतू यांत काय फरक असतो, ते आम्ही बघत होतो. त्यासाठी प्रत्येक रोग्याला त्याच्याच वयाचा निरोगी जोडीदार लागायचा, पुरुषाला पुरुष, बाईला बाई. रोगी मिळायचे. निरोगी माणूस कशाला डबी भरून देतोय! म्हणून केंद्रात रिवाजच पडला होता. ज्यानं त्यानं आपापल्या घरचं माणूस आणायचं. ड्रायव्हरनं सासरा आणला, शिपायानं दोन चुलते आणले. बायकांच्या जोड्या दवाखान्यातल्या आयांनी केव्हाच भरून टाकल्या होत्या. अडलं होतं ते साठीच्या पुढच्या, तंबाखू-दारू-मटण यांतलं काहीच नसलेल्या पुरुषांपाशी.

मी आमच्या हेरवाडकर मॅडमना छाती काढून सांगितलं होतं, “माझे वडील आहेत ना.”

आम्ही शिरोळ तालुक्यातले जैन. अण्णा चौसष्ट वर्षांचे. कांदा-लसूण नाही, पाणी गाळून, दिवस मावळल्यावर तोंडात घोटसुद्धा नाही. छत्तीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली. उसाच्या ट्रॉल्या घेऊन आलेले लोक दुसरा काटा रिकामा असला तरी त्यांच्या काट्याच्या रांगेत लागायचे, इतकं त्यांचं वजन चोख. भूपाल मगदूम म्हणजे खोटं नाही, हे पंचक्रोशीत ठरून गेलं होतं. अण्णांनाही ते ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना थोडा गर्व होता.

“द्या हो,” आई आतून म्हणाली. “पोरीचं काम अडलंय.”

“हात दाखवून अवलक्षण,” अण्णा म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत.

शनिवार गेला. रविवार गेला. रविवारी अण्णा तीनदा परसात जाऊन आले आणि तिन्ही वेळा माझी नजर चुकवून सोप्यात येऊन बसले. सोमवारी सकाळी मी चप्पल घालत होते तेव्हा आईनं वर्तमानपत्रात गुंडाळून, वर दोरा बांधून डबी आणून दिली.

“घे. झालं एकदाचं.”

अण्णा बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेले होते. मी एसटीत बसूनच डबीवर नंबर घातला. एक्केचाळीस. पुरुष, वय चौसष्ट, निरोगी.

दीड महिन्यानं त्या खेपेतल्या नमुन्यांची पाळी आली. आम्ही खास करून एका जंतूच्या मागावर होतो. त्याचं नाव फ्युजोबॅक्टेरियम. तो खरा तोंडात, हिरड्यांत राहणारा. निरोगी आतड्यात त्याचं फारसं काम नसतं, पण कोंबांच्या भोवती तो गोळा झालेला सापडतो. तो आल्यामुळं कोंब वाढतो की कोंब वाढला म्हणून तो तिथं येतो, हेच कुणाला धड माहीत नव्हतं. आमचं यंत्र नमुन्यातल्या जंतूची मोजणी करून पडद्यावर रेघ काढायचं. जंतू जितके जास्त तितकी रेघ लवकर वर चढायची. निरोगी लोकांच्या रेघा तळाशी लोळत पडायच्या.

एक्केचाळीसची रेघ रोग्यांच्याही आधी वर गेली.

मी पुन्हा लावून बघितलं. तिसऱ्यांदा नवीन रसायन काढून लावलं. रेघ तिथंच. बाकीचे लोक जेवायला गेले होते, पंखा फिरत होता, आणि मी त्या रेघेकडे बघत बसले. खरं तर नमुना कुणाचा हे आम्हाला कळू नये अशीच व्यवस्था होती. नावांची यादी मॅडमच्या कपाटात असायची. पण हा नंबर मी माझ्या हातानं घातला होता.

मॅडमच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला.

“ही तपासणी रोग सांगत नाही, त्रिशला. तुला हे मी सांगायला हवं का?”

“नाही.”

“हा जंतू हिरड्या खराब असल्या तरी वाढतो. दहा कारणं असतात. आणि निकाल घरी सांगायचा नाही, यावर तू सही केली आहेस.”

“हो.”

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, “माझे वडील असते, तर मी त्यांना एकदा दुर्बिणीनं तपासून घेतलं असतं. हे मी तुला म्हटलेलं नाही.”

शनिवारी घरी गेले. दुपारची वेळ होती. अण्णा सोप्यात शेंगा फोडत बसले होते, आई आत होती. मी त्यांच्यापुढं बसले आणि सांगून टाकलं. जंतू सांगितला, कोंब सांगितला, आत्ता सापडला तर काय आणि राहून गेला तर काय, तेही सांगितलं. वाटलं होतं, ओरडतील. तुमच्या यंत्राला आग लावा म्हणतील. अण्णांचा हात शेंगांच्या सुपात तसाच राहिला.

“हे त्या डबीतलंच?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“बदलाबदल झाली नसंल?”

“तीनदा तपासलं, अण्णा.”

“आणि राहू दिलं तर कॅन्सर हुतोय.”

“होईलच असं नाही. होऊ शकतो. म्हणून तर आता बघायचं.”

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या हाताला पीठ होतं. “अहो,” ती म्हणाली.

“तू गप.”

असं अण्णा तिला कधी बोलायचे नाहीत. आई आत गेली. अण्णांनी सूप बाजूला सारलं, मांडीवरची टरफलं झाडली.

“चल. कधी जायचं ते ठरव. मी येतो.”

मला इतकं हलकं वाटलं. एवढा हट्टी माणूस, लेकीच्या एका शब्दावर तयार झाला. माझ्या शिक्षणाला घरात प्रथमच किंमत आली, असंच मी धरून चालले. एसटीत बसल्यावर मला अभिमानानं रडूसुद्धा आलं.

दुर्बिणीच्या आधी आतडं धुऊन काढायला औषधाचं दोन लिटर पाणी प्यावं लागतं. ते रात्री प्यायचं असतं. अण्णा म्हणाले, मेलो तरी दिवस मावळल्यावर पिणार नाही. शेवटी डॉक्टरांनी दुपारची वेळ दिली आणि दिवस उगवल्यापासून प्या म्हणाले. आदल्या दिवशी दोघं माझ्या मिरजेच्या खोलीवर आली. सकाळी सूर्य उगवताच आईनं घड्याळ समोर ठेवलं आणि दर पंधरा मिनिटांनी पेला भरून देऊ लागली. स्वतः तिनं चहासुद्धा घेतला नाही. हे उपाशी, मग मी कशी खाऊ, म्हणाली. संडास चार बिऱ्हाडांत मिळून एक होता. अण्णा आत, आणि आई बाहेर बादली घेऊन पहाऱ्यावर. शेजारच्या बाईला तिनं चार वेळा परत पाठवलं.

बाराव्या फेरीनंतर अण्णा भिंतीला टेकून बसले. “ऊस उतरून रिकामी ट्रॉली काट्यावर आल्यागत झालंय,” म्हणाले.

आई हसली नाही. एरवी अण्णांच्या असल्या बोलण्याला ती पदर तोंडाला लावून हसायची.

तपासणी पाऊण तास चालली. आई बाकावर डोळे मिटून बसली होती, ओठ हलत होते. शेवटी तरुण डॉक्टर बाहेर आले, आम्हाला आत बोलावलं. अण्णा गुंगीतून नुकतेच जागे झाले होते.

“आजोबा, एकदम कोरी पाटी आहे,” डॉक्टर म्हणाले. “काही नाही. दहा वर्षं इकडं बघू नका.”

“काहीच न्हाई?”

“काहीच नाही.”

“शेवटपर्यंत बघितलं?”

“शेवटपर्यंत.”

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना रडताना मी त्यापूर्वी एकदाच बघितलं होतं, आजी गेली तेव्हा. मग त्यांनी मान वळवून आईकडे बघितलं.

“बघ,” म्हणाले. “काही न्हाई. यंत्राची चूक. आता मनातनं काढून टाक.”

आईनं हात जोडले. बायको काळजी करते म्हणून तिची समजूत घालताहेत, असं मला वाटलं. दुसरं काय वाटणार?

दिवस मावळायला अर्धा तास होता. आम्ही रिक्षानं खोलीवर आलो आणि घाईघाईनं तिघांनी केळी आणि दूध घेतलं. अण्णांनी पाच केळी खाल्ली.

केंद्रात मात्र मी तोंडघशी पडले. साप साप म्हणून भुई धोपटली ती धोपटली, शिवाय नियम मोडून. मॅडमनी वहीत एक्केचाळीसपुढं ‘शंकास्पद’ असा शेरा मारला आणि नमुना उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजमध्ये ठेवायला सांगितला. मी पुन्हा कुणाच्या निकालाबद्दल चकार शब्द काढला नाही.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी आईचा फोन आला. ती सहसा स्वतः फोन करायची नाही, अण्णा लावून द्यायचे आणि ती बोलायची. त्या दिवशी अण्णा बाजाराला गेले होते.

“त्रिशला, त्या यंत्राची चूकच झालेली न्हवं?”

“कसल्या?”

“ह्यांच्या येळंला. त्या डबीच्या.”

“हो गं आई. चूकच.”

“नक्की?”

“नक्की. अण्णांचं सगळं बघितलं ना डॉक्टरांनी? का, काय झालं?”

“काय न्हाई. असंच आठवलं.”

मला हातातलं काम संपवायचं होतं. मी फोन ठेवला.

भाद्रपदात घरी गेले तेव्हा ती वाळलेली दिसली. विचारलं तर म्हणाली, पर्युषण पर्वात उपास केले. दरवर्षीच करायची. मी अण्णांच्या रक्तदाबाची गोळी बघितली, संपत आली होती ती आणून दिली आणि परत आले.

अण्णांच्या दुर्बिणीला दीड वर्ष होत आलं होतं, तेव्हा आमचे साठवलेले सगळे नमुने एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेले. आमचं यंत्र एका जंतूची मोजणी करायचं, त्यांचं यंत्र नमुन्यातली झाडून सगळी जनुकं वाचायचं. शौचात जंतूंबरोबर माणसाच्या आतड्याच्या झडलेल्या पेशीही असतात. त्यामुळं नमुना बाईचा की पुरुषाचा हेही त्यात समजतं. त्या लोकांनी सहज म्हणून ते आमच्या यादीशी ताडून बघितलं आणि न जुळणाऱ्यांचा तक्ता पाठवला. दोनशे दहा नमुन्यांत तीन जुळत नव्हते.

मॅडमनी तक्ता माझ्याकडे दिला. “नंबर घालताना गोंधळ झालेला दिसतो. हे तीन काढून टाक.”

पहिले दोन नंबर कुणाचे होते मला आठवत नाही. तिसरा एक्केचाळीस. आमच्या नोंदीत पुरुष. त्यांच्या तपासणीत स्त्री.

नंबर घालताना गोंधळ झाला नव्हता. एसटीत माझ्याकडं एकच डबी होती. आणि आमच्या घरात माझ्याशिवाय बाई एकच होती.

तेव्हा मला काय वाटलं, असं पुढं मॅडमनी एकदा विचारलं. मला काहीच वाटलं नाही. मी तक्त्यातले तिन्ही नंबर खोडले. खाली तारीख घातली. टेबल पुसलं. हातमोजे काढून कचऱ्यात टाकले, अर्ध्या दिवसाची रजा लिहून दिली आणि स्टँडवर गेले. एसटीत खिडकीशी जागा मिळाली याचं बरं वाटल्याचं मला स्पष्ट आठवतं.

घरी पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. आई आतल्या खोलीत चटईवर निजली होती. तिला दुपारी निजलेली मी जन्मात बघितली नव्हती. अण्णा सोप्यात होते.

“अण्णा, ती डबी कुणाची होती?”

कसली डबी, असं त्यांनी विचारलं नाही. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसू लागले. पुसतच राहिले.

“मला जमलं न्हाई गं,” म्हणाले. “दोन दिवस बघितलं. लेकीच्या हातात आपलं ते देयचं म्हणजे… न्हाई जमलं. हिला म्हटलं, तू बघ काय ते.”

“मग मी सांगायला आले तेव्हा?”

“तवा सांगायचं हुतं.”

“मग?”

“जीभ रेटली न्हाई. छत्तीस वर्षं काट्यावर बसलो, एका किलोचं खोटं केलं न्हाई. पोटच्या पोरीला सांगू, की मी तुला फसवलं?” त्यांचा आवाज अगदी खाली गेला. “म्हटलं, आपण जाऊन तपासून येऊ. काय निघालं न्हाई, म्हणजे यंत्र खोटं ठरलं. मग हिचंबी काय न्हाई.”

“तुमच्या पोटात काही निघालं नाही म्हणून आईच्या पोटात नाही?”

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. ट्रॉल्यांची वजनं तोंडपाठ असणारा माणूस, पण हा साधा हिशेब त्या क्षणापर्यंत त्यांनी मांडलाच नव्हता. तो त्यांच्या चेहऱ्यावर उतरताना मी बघितला. मी ओरडले नाही. ओरडायला काही तरी आत पेटलेलं असावं लागतं.

आई उठून दारात आली होती. “आल्या आल्या काय लावलंयस?” म्हणाली. “पाणी तरी घे.”

“आई, रक्त पडतंय का?”

तिनं अण्णांकडे बघितलं, मग जमिनीकडे. “मूळव्याध असंल. चार महिने झाले.”

पुढचं लांबवण्यात अर्थ नाही. कोंब नव्हता, गाठ होती, आणि गाठ आतड्याबाहेर गेली होती. दीड वर्षापूर्वी आली असती तर, असं मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांभाळून उत्तर दिलं. तेव्हा ती केवढी होती ते आता कुणी सांगू शकत नाही, म्हणाले. कदाचित दुर्बिणीतून निघाली असती. ऑपरेशन झालं, औषधं झाली. आई त्यानंतर एकोणीस महिने जगली. अण्णांनी तिची सगळी सेवा केली, अगदी तिचं शौचाचं भांडंसुद्धा त्यांनी कधी मला उचलू दिलं नाही. याला आता बारा वर्षं झाली. जंतूंवरचा आमचा लेख छापून आला, त्यात दोनशे सात नमुने आहेत.

मी आता आमच्या केंद्रात नव्या मुलींना काम शिकवते. घरचे नमुने आणायचा रिवाज मी बंद केला. का, ते त्यांना सांगत नाही. खरं तर माझ्याजवळ त्याचं उत्तरही एक नाही. अण्णांनी लपवलं, हे एक. मी अण्णांकडे डबी मागितली तेव्हा आईलाही पोट आहे हे माझ्या ध्यानातही आलं नाही, हे दुसरं. आमच्या यादीत बायकांची जागा भरली होती.

आईच्या दुर्बिणीचा दिवस मात्र मला जसाच्या तसा आठवतो. तेच औषधाचं पाणी, दिवस उगवल्यापासून. या वेळी पेला अण्णा भरून देत होते. दुपारी आम्ही तिघं दवाखान्याच्या बाकावर बसलो, मध्ये आई. अण्णा भिंतीवरचा बोर्ड वाचत होते, चार-चारदा तोच. मी आईला हळू आवाजात विचारलं.

“आई, तुला तर ठाऊक होतं डबी कुणाची ते. मी सोप्यात बसून सगळं सांगितलं, ते तू ऐकलंस. का नाही बोललीस?”

“बोलणार हुते. हे गप म्हणाले.”

“आणि नंतर?”

“नंतर काय? हे तपासून आले की. चांगलं निघालं.”

“त्यांचं चांगलं निघालं, आई. तुझं कुठं तपासलं?”

“ते आता कळतंय.” तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. राग नव्हता, रडणं नव्हतं, गव्हाचा भाव सांगावा तसं ती सांगत होती. “घर ह्यांच्या नावावर. रेशनकार्ड ह्यांच्या नावावर. बस्तीत देणगी दिली तर पावती ह्यांच्या नावावर. त्यात माझं असतंयच की सगळं, वेगळं कोण काढतंय? ही तपासणीबी ह्यांच्या नावावर झाली. मला वाटलं, त्यात माझी आली.”

मी तिच्या हातातली फाईल माझ्या मांडीवर घेतली.

“तरी मी तुला फोनवर विचारलं हुतं,” ती म्हणाली.

“हो.”

“तू म्हणालीस, नक्की.”

“हो, आई.”

तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दोनदा थोपटलं. तेवढ्यात आतलं दार उघडलं. हिरव्या कपड्यातला माणूस हातातल्या कागदाकडे बघत ओरडला, “मगदूम! मगदूम कोण आहे?”

अण्णा उठून उभे राहिले.

एक पाऊल पुढंसुद्धा टाकलं. त्या माणसानं त्यांच्याकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं. “तुम्ही नव्हे, बाबा. बाईमाणूस आहे.”

अण्णा बाजूला सरकले. आई उठली, चपला काढून तिनं त्यांच्या हातात दिल्या आणि आत गेली. दार लागलं. “बसा, अण्णा,” मी म्हटलं. चपला हातात धरून ते तसेच उभे राहिले. ती बाहेर येईपर्यंत बसले नाहीत.